काळी पडलेली बाटली

फेब्रुवारी २०२३ मधला सोमवार. संध्याकाळी कामावरून धायरीतल्या खोलीवर आले, दिवा लावला आणि चपला काढायच्या आधी खिडकीतल्या चार बाटल्यांकडे पाहिलं. तीन काळ्याकुट्ट. चौथी, माझ्या पुण्यातल्या नळाची, जशीच्या तशी.

या बाटल्या एचटूएस चाचणीच्या. बोटभर उंचीची बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. पाणी भरायचं, झाकण लावायचं, ऊबदार जागी ठेवून द्यायचं. पाण्यात विष्ठेतून येणारे जंतू असले तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आतलं सगळं काळं होतं. यंत्र लागत नाही, शाळा शिकलेलं असावं लागत नाही. त्या तीन बाटल्यांत आमच्या पाड्यावरचं पाणी होतं. एक ओढ्यातल्या झिऱ्याचं, एक विहिरीचं आणि एक आईच्या हंड्यातलं, जे आम्ही फडक्यानं गाळून, वर ताटली झाकून, चांगलं म्हणून पितो. हंड्याची बाटली सगळ्यांत काळी होती.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर लोकांची सॅम्पल तपासते. आणि माझ्या स्वतःच्या घरचं पाणी मी तिसाव्या वर्षापर्यंत कधी तपासलं नव्हतं. जुलै २०२२ मध्ये माझा दीड वर्षाचा भाचा जुलाब-उलट्यांनी इतका सुकला की पोटावरची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. सलाईनवर तो वाचला. तेव्हा मी फोनवर भावाला ‘पाणी उकळून द्या’ एवढं सांगून मोकळी झाले. आई म्हणाली, “आगं, पावसात सरपण वलं. त्याच्यावर भाकरी व्हायची मारामार. पाणी कशावर उकळू, बाय?” मला उत्तर देता आलं नाही. सहा-सात महिने ते तसंच टोचत राहिलं, म्हणून त्या रविवारी बाटल्या घेऊन गेले होते.

आमचा पाडा पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, घाटमाथ्याच्या अलीकडे, आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात आहे. आम्ही महादेव कोळी. चौतीस घरं. भात, नाचणी, वरई आणि उन्हाळ्यात हिरडा, यावर घरं चालतात. पाड्याच्या खालच्या अंगाला कातकरी वाडी आहे, नऊ घरांची. पावसाळ्यात आमच्याकडे इतका पाऊस असतो की चार महिने गोधडी वाळत नाही. पण खाली सगळा काळा कातळ. वर हात-दोन हात माती, मग मुरूम, मग दगड. पडलेलं पाणी मुरायला जागाच नाही, ते धावत खाली जातं आणि धरणात जमा होतं. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं याच डोंगरांचं पाणी अडवून भरतात, आणि ते पाणी कालव्यानं पार अहिल्यानगर, सोलापूर जिल्ह्यापर्यंत पोचतं. त्यातल्या एका धरणाचं पाणी आमच्या टेकाडावरून दिसतं. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आमच्याकडे कुणी म्हण म्हणून वापरत नाही. कुणी विचारलं, कसं काय चाललंय, तर त्याचं उत्तर म्हणून देतात.

फेब्रुवारी लागला की ओढ्याकाठची विहीर तळाला जाते. मग ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा. हातभर खड्डा, त्यात कडेनं पाणी पाझरतं, ते वाटीनं अलगद उचलायचं. घाई केली तर गाळ वर येतो. एक हंडा भरेपर्यंत पाऊण तास जातो, म्हणून नंबर लागतात, आणि नंबर लागतात म्हणून बाया पहाटे तीनला बॅटरी घेऊन उतरतात. माझी वहिनी सातव्या महिन्यातही डोक्यावर चुंबळ आणि दोन हंडे घेऊन ती चढण चढलेली आहे. आणि त्याच ओढ्यात दिवसा गुरं बसतात. बाटली काळी का झाली हे शोधायला मला फार अभ्यास करावा लागला नाही.

आता नळाचं सांगते. आमच्या पाड्यावर प्रत्येक घरापुढे नळ आहे. जलजीवन मिशनमध्ये बसवलेला, निळ्या पाइपवर पितळी तोटी. २०१९ मध्ये ही योजना जाहीर झाली तेव्हा तिचा मापदंड स्पष्ट होता: माणशी रोज ५५ लिटर, पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात बसणारं, नियमित. आमची योजना त्या ओढ्याकाठच्या विहिरीवर केली. जी विहीर मार्चमध्ये आटते हे पाड्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, तीच उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, म्हणून धरली. नळ जूनपासून जानेवारीपर्यंत चालतात, तेही वीज असेल तेव्हा. पुढे कोरडे.

मी संबंधित कार्यालयात गेले. अर्ज, सोबत तिन्ही बाटल्यांचे फोटो. समोरच्या साहेबांनी संगणकात पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, तुमची वाडी शंभर टक्के झालेली आहे. झालेल्या गावाला दुसरी योजना देता येत नाही.” मी म्हटलं, पाणी नाहीये पण. ते म्हणाले, “नळजोडणी आहे ना?” ते उद्धटपणे बोलत नव्हते. त्यांच्या पडद्यावर खरंच आमच्या नावापुढे हिरवी खूण होती. पण मला त्या दिवशी बाहेर पायरीवर बसून रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. चौतीस घरांचं पिण्याचं पाणी कुठल्याशा रकान्यात मिळालेलं होतं, आणि म्हणून ते यापुढे कधीच मिळणार नव्हतं.

बाटलीच्या चाचणीवर कुणी कागद करत नाही, हेही तेव्हाच कळलं. म्हणून रीतसर नमुना द्यायचं ठरवलं. निर्जंतुक केलेली बाटली, तोंडाला बोट लावायचं नाही, भरताना वर थोडी जागा सोडायची, बर्फात ठेवायची आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. पाड्यावरून डांबरी रस्त्याला यायला तासभर चाल. आईस्क्रीमवाल्याकडून मागून घेतलेला थर्माकोलचा डबा मांडीवर धरून मी एसटीनं पुण्यात वाकडेवाडीला उतरले, तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं होतं पण बाटली गार होती. आठवड्यानं अहवाल आला. मानकाप्रमाणे शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नसावा लागतो. आमच्या तिन्ही नमुन्यांवर शिक्का होता: ‘पिण्यास अयोग्य’. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढचं वर्षभर बरोबर बाळगला.

वाट दाखवली ती आमच्या निवृत्त गुरुजींनी. पाड्याच्या वर, जंगलात, आसऱ्याचा, म्हणजे पाण्याच्या देवींचा, झरा आहे. तो कधी आटत नाही. म्हाताऱ्यांच्या आठवणीत १९७२ च्या दुष्काळातही आटला नव्हता. तिथवर चढून हंडा आणणं जिवावर येतं म्हणून रोजच्याला कुणी जात नाही. गुरुजी म्हणाले, “पोरी, पाणी वर आहे आणि आपण खाली आहोत. मोटर लागत नाही, वीज लागत नाही. नुसती नळी सोडायची. नळ आहेतच, त्यांना वरचं पाणी जोडायचं.”

इतकं साधं होतं ते. पण साधं करायला अकरा महिने लागले.

आधी पाणी मोजायचं होतं. मे महिन्यात, झरा सर्वांत बारीक असतो तेव्हा. केळीच्या सोपट्याची पन्हळ लावली, खाली दहा लिटरची बादली ठेवली आणि मोबाईलवर वेळ लावला. एक मिनिट पन्नास सेकंद. तीनदा मोजलं, तेवढंच. म्हणजे चोवीस तासांत साधारण ७,८५० लिटर. पाड्यावर तेव्हा १४६ माणसं. ५५ नं गुणलं तर ८,०३० लिटर लागतात. मी वहीत आकडेमोड करत होते आणि गुरुजी खांद्यावरून बघत होते. “पावणेदोनशेच कमी पडतंय की,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री कुणी पाणी भरत नाही, झरा मात्र वाहत असतो. तेव्हा खाली दहा हजार लिटरची टाकी बांधली की रात्रीचं पाणी सकाळी मिळणार होतं.

आमचं गाव अनुसूचित क्षेत्रात येतं, त्यामुळे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आम्हाला लागू आहे. महाराष्ट्रात त्याचे नियम २०१४ मध्ये झाले. त्यामुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा म्हणून बसता येतं, आणि आदिवासी उपयोजनेतल्या निधीचा पाच टक्के हिस्सा अबंध निधी म्हणून थेट पेसा ग्रामपंचायतींकडे येतो. तो कशावर खर्च करायचा हे ग्रामसभा ठरवते. हे मला पुण्यात राहून माहीत नव्हतं, आणि पाड्यावर राहून निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. तोवर तो पैसा बहुतेक वेळा सभामंडप आणि पेव्हर ब्लॉकवर गेलेला. अंदाजपत्रक पावणेतीन लाखांच्या आसपास बसलं. नळी, झऱ्याची कुंडी, टाकी. खोदाई आम्ही श्रमदानानं करणार होतो.

ठरावाची सभा मे २०२३ च्या शेवटी झाली. त्या सभेतली एक गोष्ट लपवून ठेवली तर हे सगळं लिहिणं खोटं होईल.

मी यादी वाचत असताना गुरुजींनी विचारलं, “आणि खालची वाडी?” सभा गप्प. मग एक काका म्हणाले, “ते कुठं असतात उन्हाळ्यात? दिवाळी झाली की वीटभट्टीवर. त्यांच्यासाठी कशाला नळी?” दुसरे म्हणाले, आधीच पाणी कमी, त्यात अडतीस माणसं वाढवली तर आपल्याला काय उरेल. खरंच, १८४ माणसांना ५५ लिटर म्हणजे १०,१२० लिटर. झऱ्यात तेवढं नाही. आकडा त्यांच्या बाजूनं होता. आणि कातकरी वाडीतलं एकही माणूस सभेत नव्हतं, कारण सगळे भट्टीवर होते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबरची. ज्या जमिनीवर त्यांच्या झोपड्या आहेत तीही दुसऱ्याच्या मालकीची. ज्या साहेबांनी मला ‘तुमची वाडी झालेली आहे’ म्हटलं, त्यांच्या यादीत कातकरी वाडी झालेलीही नव्हती आणि राहिलेलीही नव्हती. ती यादीतच नव्हती.

आई सभेत कधी बोलत नाही. त्या दिवशी ती उठली. म्हणाली, “माझ्या नातवाला सलाईन लागली तवा दवाखान्यात बाजूच्या खाटंवर वाडीतलीच पोर होती. एकाच वढ्याचं पाणी पिल्यालं दोघं.” एवढंच बोलून खाली बसली. ती पोर वाचली नव्हती, हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. पुढे वाद झाला, पण आवाज उतरले होते. शेवटी ठरलं की वाडीला घरटी नळ जमणार नाही, पण वाडीच्या तोंडाशी दोन तोट्यांचा सार्वजनिक नळ द्यायचा. जमीनमालकाचं संमतीपत्र आणायची जबाबदारी त्याच काकांनी घेतली, ज्यांनी विरोध केला होता, आणि चार दिवसांत आणलंही. वाडीला नळ मिळाला, पण तो दुय्यम मिळाला. मला आजही ते पुरेसं वाटत नाही.

मग जंगलाचं प्रकरण. झरा वनखात्याच्या जमिनीवर, आणि ११५० मीटर नळीतली सातशे मीटर जंगलातून येणार. पहिल्यांदा विचारलं तेव्हा सांगितलं गेलं की वनजमिनीला हात लावायचा तर प्रस्ताव दिल्लीपर्यंत जातो. दोन वर्षं धरा. मी खचले होते. पुण्यात वनहक्कांवर काम करणाऱ्या एका ताईंना भेटले, त्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) उघडून पुढ्यात ठेवलं. शाळा, दवाखाना, अंगणवाडी अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन देता येते, त्यात पिण्याचं पाणी आणि जलवाहिनी स्पष्ट लिहिलेली आहे. अट इतकीच की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडं तुटू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस असावी. मंजुरी विभागीय पातळीवर वनाधिकारीच देतात. आम्हाला सातशे मीटर लांब आणि मीटरभर रुंद पट्टा लागणार होता, म्हणजे हेक्टरच्या दहाव्या भागाहूनही कमी. आणि झाड एकही नाही.

त्या कलमाची प्रत मी लॅमिनेट करून घेतली. तरीही फाइल तीनदा परत आली. एकदा नकाशावर दिशा नाही म्हणून. एकदा ठरावात ‘एकही झाड तोडले जाणार नाही’ हे वाक्य नाही म्हणून. ते वाक्य घालायला पुन्हा ग्रामसभा, पुन्हा सह्या, पुन्हा अंगठे. तिसऱ्यांदा सही योग्य जागी नाही म्हणून. मधे पावसाळा आला आणि गेला. प्रत्येक खेपेला माझी एक रजा आणि एसटीचं भाडं. मी पगारदार आहे, मला ते परवडलं. भातलावणी सोडून तीनदा जायला पाड्यावरच्या कुणाला परवडलं असतं? म्हणून मी ‘लोक पाठपुरावा करत नाहीत’ हे वाक्य कुणाच्या तोंडून आता ऐकून घेत नाही.

वनरक्षक दादांबद्दल मात्र मनापासून लिहायला हवं. संयुक्त पाहणीला ते एकटे आले, दोरी आणि टेप घेऊन, आणि सगळी सातशे मीटर आमच्याबरोबर रांगत-घसरत उतरले. जिथे नळीच्या वाटेत हिरड्याचं रोप येत होतं तिथे त्यांनीच खूण दोन हात बाजूला सरकवली. पाहणीच्या कागदावर झाडांच्या रकान्यात त्यांनी शून्य लिहिलं आणि त्याला गोल केला. जानेवारी २०२४ मध्ये मंजुरीचा आदेश हातात पडला.

बांधकामाचे दोन महिने मला सगळ्यांत जास्त आठवतात. झऱ्यापाशी आसरांचे दगड आहेत, सात, शेंदूर लावलेले. म्हाताऱ्या बायांना भीती होती की सिमेंटनं देवी कोंडली जाईल. गवंडी दादा हुशार होते. कुंडी दगडांच्या मागच्या अंगाला घ्यायची आणि उरलेलं पाणी दगडांच्या पायावरून वाहू द्यायचं, असं त्यांनी सुचवलं. ओटी भरली, नारळ वाढवला आणि खणायला सुरुवात केली.

वर्षानुवर्षांचा पालापाचोळा, चिखल, शेणाचा लगदा उपसत गेलो. चार फुटांवर काळा कातळ लागला, आणि त्याच्या खाली विटकरी रंगाचा, चिकट, वीतभर जाडीचा थर. त्या दोन थरांच्या सांध्यातून पाणी येत होतं. भूगर्भाचे जाणकार सांगतात की आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरावर थर चढून झालेला आहे, आणि दोन थरांच्या मधली ही लाल माती पाणी खाली झिरपू देत नाही, म्हणून ते आडवं येऊन डोंगराच्या कडेला फुटतं. मी त्या सांध्यापाशी ओंजळ लावली. पाणी इतकं निवळ होतं की तळहाताच्या रेघा दिसत होत्या. वरच्या डबक्यातलं घाण पाणी पिऊन आम्ही ज्याला झऱ्याचं पाणी म्हणत होतो, ते झऱ्याचं नव्हतंच. झरा चांगलाच होता. तो उघड्यावर आल्यावर त्यात गुरांचे पाय, वानरांची विष्ठा आणि आमचीच घाण पडत होती.

सांध्यापुढे भिंत घातली. आत मोठे गोटे, मग खडी, मग जाड वाळू, वर फरशी आणि फरशीवर माती. पाणी उजेड बघायच्या आधीच नळीत जायला हवं, एवढं एकच तत्त्व. नळीच्या तोंडाला जाळी, जास्तीच्या पाण्याला वाट, कुंडीच्या वरच्या बाजूला पावसाचं पाणी वळवायला चर आणि भोवती काट्यांचं कुंपण. झरा पाड्यापेक्षा नव्वद मीटर वर, त्यामुळे दाबानं नळी फुटू नये म्हणून निम्म्यात एक छोटी टाकी. ते अभियंत्यांनी सुचवलं, मला सुचलं नसतं. नळी पुरायचा चर पाड्यानं खणला. दर घरचा एक माणूस, रोज सकाळी दोन तास.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वहिनीनं घरापुढची तोटी उघडली. आधी फुस्स करून हवा आली, मग लालसर पाणी, मग स्वच्छ. तिनं हंडा लावला आणि भरेपर्यंत तिथेच उभी राहिली. सवयीनं वाटी हातात होती.

मी तीन बाटल्या भरल्या आणि पुण्याला आणल्या. दोन दिवस वाट पाहिली. तिन्ही जशाच्या तशा. सोमवार, मंगळवार, बुधवार, मी त्या बाटल्या पर्समध्ये घालून लॅबमध्ये घेऊन फिरले.

इथे लिहिणं थांबवता आलं असतं. पण जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाल्यावर मी पुन्हा बाटली भरली आणि ती काळी झाली. कातकरी वाडीतले लोक त्याच आठवड्यात भट्टीवरून परत आले होते, आणि त्यांच्या नव्या नळाला जे पहिलं पाणी आलं ते हे. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. वर जाऊन पाहिलं तर पाणी वळवायचा चर पाल्यानं तुंबलेला, एका जागी कुंपण मोडून गुरं आत गेलेली, आणि पावसाचं पाणी सरळ कुंडीच्या अंगावर. चर मोकळा केला. पण तेव्हा पक्कं कळलं की एकदा बांधलं की झालं, असं पाण्यात नसतं. टाकीत रोज टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडायलाच हवी.

टीसीएलची भुकटी ग्रामपंचायतीकडे असायची, पण उघड्या पोत्यात. उघडी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि नुसता चुना उरतो. हवाबंद डबे घेतले. दहा हजार लिटरला साधारण पन्नास ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची, अर्धा तास थांबायचं. मग नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन द्रावणाचे, थेंब टाकायचे. पिवळं झालं तर क्लोरीन आहे. वहिनी जलसुरक्षक झाली. बारावी शिकलेली, हिशेबाला पक्की. पहिल्या दिवशी आईनं चहा थुंकून टाकला. “औषिधाचा वास मारतोय.” शेजारच्या दोन घरांनी पुन्हा ओढ्याचं पाणी आणायला सुरुवात केली. वहिनीनं कुणाशी वाद घातला नाही. तिनं ओढ्याची एक बाटली आणि नळाची एक बाटली अंगणवाडीच्या खिडकीत ठेवली, जिथे सगळ्या आया पोरं सोडायला येतात. तिसऱ्या दिवशी ओढ्याची काळी झाली. त्यावर कुणी भाषण केलं नाही, पण त्या दोन घरांचे हंडे नळाला लागले. पाणी भरून रात्रभर हंडा उघडा ठेवला की वास जातो, हे आईनं शोधून काढलं. मी तिला सांगितलं, उघडा नको, फडकं बांध. ते तिनं ऐकलं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी, म्हणजे माझंच घर. चालती-बोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर जात होती. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, जो दूषित पाण्या-अन्नातून पोटात जातो. आमच्या चाळीत लोक नळाकडे संशयानं बघत होते. त्या आठवड्यात दोन दिवस वहिनीचा फोटो आला नाही. ती रोज सकाळी ओटीच्या पिवळ्या नळीचा फोटो पाठवते. मी घाबरून फोन केला. टीसीएल संपली होती, ग्रामपंचायतीत नवं पोतं आलं नव्हतं, आणि तिचं मानधनही चार महिने थकलेलं होतं. ती स्वतःच्या पैशानं बाजारातून भुकटी आणायला निघाली होती. मग आईनं फोन घेतला. “तुमच्याकडं पाण्यानं माणसं लुळी पडत्यात म्हणं. तू इकडं ये. हितलं पाणी पी.” धायरीतल्या खोलीत गॅसवर पातेलं उकळत होतं, आणि मी काही वेळ बोलू शकले नाही.

मानधनासाठी मी पुन्हा अर्ज केला. दोन महिन्यांचं मिळालं, दोन महिन्यांचं राहिलं आहे. पंचायतीचं नाव लिहीत नाही, कारण हे आमच्या एकट्याच्या पंचायतीचं दुखणं नाही. आजूबाजूच्या गावांतल्या जलसुरक्षकांशी बोलले तर प्रत्येकाचं हेच. लाखो रुपयांच्या टाकीला जी बाई रोज हात लावते, तिच्या हातावर महिन्याला ठेवायची रक्कम सगळ्यांत शेवटी निघते, याचा मला राग येतो.

आणि झरा आटतो आहे का, ही काळजी वेगळीच. २०२३ चा पावसाळा कमी झाला, तेव्हा मे २०२४ मध्ये तीच बादली भरायला दोन मिनिटं वीस सेकंद लागली. माणशी ४२ लिटर. त्यात वाडीचा हिशेब धरलेला नाही. मे महिन्यात वाडी रिकामी असते म्हणून भागलं. पण वाडीतल्या दोन कुटुंबांनी मला विचारलं आहे, पाणी आहे तर आम्ही उन्हाळ्यात इथेच थांबलो तर चालेल का, पोरांची शाळा बुडणार नाही. मी हो म्हणाले. ग्रामसभेला विचारलं नाही.

म्हणून आता दुसऱ्या झऱ्याच्या मागे लागलो आहोत. तो आसऱ्याच्या झऱ्याहून वर, कारवीच्या दाटीत आहे. गुरुजींना आता तिथवर चढवत नाही, पण बादली त्यांनीच माझ्या हातात दिली. मागच्या मे महिन्यात मोजलं: दहा लिटरला चार मिनिटं पाच सेकंद. ठरावात ‘एकही झाड तोडले जाणार नाही’ हे वाक्य या वेळी पहिल्याच ओळीत घातलं आहे, नकाशावर दिशा काढली आहे, आणि लाभार्थींच्या यादीत कातकरी वाडीची नऊ घरं सर्वांत वर लिहिली आहेत, घरटी नळासह.